देव्हाऱ्यातली चावी

बोलता बोलता सुमनताई घोरपड्यांचा उजवा हात डाव्या खांद्याखाली जायचा, कुर्त्याच्या आतल्या बाजूला काहीतरी चाचपायचा आणि परत जागेवर यायचा. नवा माणूस दचकायचाच. साठी उलटलेली बाई बोलता बोलता छातीला हात लावते म्हटल्यावर कोण दचकणार नाही? गणपतीच्या आरतीला आलेल्या एका तरुण डॉक्टरने तर एकदा त्यांना खुर्चीत बसवलं आणि नाडी बघायला घेतली. ताईंनी ती बघू दिली. तो नीट मोजतोय ना, तेही बघितलं. मग म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही रे बाबा. चावी जागेवर आहे का ते बघत होते."

चावी बंदुकीच्या कपाटाची आहे, हे कळल्यावर तो डॉक्टर पुन्हा दचकला.

त्या घरात बंदूक आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्हीही दचकलोच होतो. आम्ही पुण्याचे. आमच्या सात पिढ्यांत घरातलं सगळ्यात धारदार शस्त्र म्हणजे विळी. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला नवीन आलो तेव्हा कोणीतरी सांगितलं, गावाबाहेर दरीत एक मराठी जोडपं राहतं, त्यांच्याकडे ताजी मेथी मिळते. मेथीच्या नावावर आम्ही कुठेही जाऊ शकत होतो. गेलो. पाच एकरांचा तुकडा, मागे मानुका नावाची इकडची रानझुडपं, पुढे भाजीचे वाफे, आणि वाफ्याच्या कडेला गमबूट घातलेली, मान वर न करता खुरपणारी एक बाई. "मेथी आहे," त्या म्हणाल्या, "पण अर्धी सशांनी खाल्ली. उरलेली अर्धी तुम्ही न्या. ससेही खाल्लेत आम्ही. रस्सा उरलाय, खाणार का?" मुग्धा, म्हणजे माझी बायको, अंडंसुद्धा खात नाही. ती म्हणाली, "मेथीच पुरे, ताई."

ताई कराडच्या. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवायला शिकल्या, मग नर्सिंग, मग पुण्यात नोकरी, मग नवऱ्याबरोबर इकडे. इथे तीसेक वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झाल्या आणि भाजी लावली. भाजी लावल्यावर ससे आले, ससे आल्यावर परवाना काढून एक पॉइंट टू-टू रायफल आणली. त्यांच्या लेखी हे खतं आणण्याइतकं सरळ होतं. वसंतराव, त्यांचे यजमान, निवृत्त इंजिनियर, मऊ स्वभावाचे. त्यांना बंदुकीच्या आवाजानेही ठसका लागायचा. परवान्याच्या चौकशीला आलेल्या बाईने त्यांना वेगळं बसवून विचारलं होतं, "कपाटाची चावी कुठे असते ते तुम्हाला माहीत आहे का?" कारण ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हाती चावी लागता कामा नये, मग तो सख्खा नवरा का असेना. ताई मधल्या दारातून म्हणाल्या, "यांना स्वतःचा चष्मा कुठे आहे ते माहीत नसतं." बाई हसली म्हणे, पण तिने वसंतरावांचं उत्तर लिहून घेतलंच. "तसंच पाहिजे," ताई सांगायच्या, "माझ्या शब्दावर सोडलं असतं तर मला आवडलं नसतं."

त्यांचा एकुलता मुलगा पर्थला. नातवंडं फोनवर दिसायची, तीही टीव्हीकडे तोंड करून. म्हणून आमची इरा शाळेत जायला लागली आणि आमच्या दोघांच्याही नोकऱ्या वेलिंग्टनला निघाल्या, तेव्हा न विचारता ताई म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर हे आणतील तिला. माझ्याकडे राहू दे सहापर्यंत." इरा तेव्हा सहा वर्षांची होती. ती त्यांना आजी म्हणायला लागली, आणि ताईंचं घर जरा जोरात बोलायला लागलं. पायरीवर छोटे रबरी जँडल्स, बाथरूममध्ये वाळत घातलेले पोहायचे टॉग्ज, फ्रीजवर एका सशाचं चित्र. त्या चित्रातला ससा हसत होता. तो त्यांनी कधी उतरवला नाही.

ताई तिच्याशी फक्त मराठीत बोलायच्या आणि ती फक्त इंग्रजीत उत्तरं द्यायची. दोघींचं कुठे अडायचं नाही. ताईंनी तिला कोथिंबीर निवडायला शिकवलं, जखमेवर पट्टी बांधायला शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून देवांची पूजा करायला शिकवलं. तीसुद्धा वॉर्डातल्यासारखीच. क्रम ठरलेला. आधी हात धू. देव तबकात काढ. एकेकाला पाणी घाल, पूस, जागेवर ठेव, गंध लाव. "मधेच कोणाला विसरायचं नाही. देव्हाऱ्यात जे जे आहे त्या सगळ्यांची आंघोळ झाली पाहिजे." बंदुकीबद्दलही तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. कुठेही दिसली तरी थांबायचं, हात लावायचा नाही, लांब व्हायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. इरा ते चार बोटांवर म्हणून दाखवायची.

एका शाळेच्या सुट्टीतली गोष्ट. आम्ही दोघं ऑफिसला गेलो होतो, इरा सकाळपासून ताईंकडे. ताई वाफ्यात होत्या, वसंतराव पेपर वाचत होते, आणि इराने पहिल्यांदाच सगळी पूजा एकटीने केली. ताई हात धुऊन आत आल्या तेव्हा देव्हारा लखलखत होता. खालचं मळलेलं लाल वस्त्रही पोरीने काढून बदललं होतं. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, आणि त्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी एका कडीत अडकवलेल्या दोन चाव्या. धुतलेल्या, पुसलेल्या. दोघींना हळदकुंकू आणि मध्ये डेझीचं एक फूल.

"आजी, दे वर अंडर द क्लॉथ," इरा म्हणाली. "आय वॉश्ड एव्हरीवन."

एक चावी रायफलच्या कपाटाची होती. दुसरी काडतुसांच्या पेटीची.

ताई ओरडल्या नाहीत. "छान केलीस हो पूजा," असं म्हणाल्या, देवांना नमस्कार केला, चाव्या उचलल्या आणि बाथरूममध्ये जाऊन टबाच्या काठावर बसल्या. किती वेळ बसल्या ते त्यांना सांगता आलं नाही. वसंतरावांनी दार वाजवलं तेव्हा बाहेर आल्या, इराला वरणभात भरवला आणि एक कागद घेऊन लिहायला बसल्या.

हे सगळं आम्हाला कळलं ते त्या कागदावरून. एरवी वसंतराव इराला सोडायला यायचे, त्या संध्याकाळी ताई स्वतः आल्या. इराला टीव्हीसमोर बसवलं, दार लोटलं आणि उभ्यानेच कागद वाचायला सुरुवात केली. वॉर्डात काही चूक झाली की, रोग्याला काही इजा झाली नाही तरी, नर्सला ती लिहून द्यावी लागते. काय झालं, कोणाच्या हातून, काय होऊ शकलं असतं, पुढे काय करणार. तसाच तो कागद होता, फक्त मराठीत. "चाव्या देव्हाऱ्यातल्या वस्त्राखाली ठेवल्या होत्या. कारण, पारोशा हाताने देवाला कोणी शिवत नाही अशी समजूत. मुलीने आंघोळ केली होती. मुलीची चूक नाही. तिला जे शिकवलं तेच तिने केलं. शिकवणारी व चाव्या ठेवणारी व्यक्ती एकच." पुढे एक ओळ होती, "देव्हाऱ्यापासून कपाटापर्यंत अंतर, मुलीच्या पावलांनी, अकरा." दोन वेगवेगळ्या कुलपांच्या चाव्या एका कडीत ठेवल्या म्हणजे दोन कुलपांचं एकच कुलूप झालं, असंही त्यांनी स्वतःविरुद्ध लिहून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो ताई, झालं तर काही नाही ना." मला खरंच तसं वाटत होतं. मला सगळंच लवकर संपवायची सवय आहे.

"झालं नाही हे तिचं नशीब," ताई म्हणाल्या. "माझं काम नव्हे ते."

मुग्धा म्हणाली, "ताई, उद्यापासून इरा येणार नाही."

"नाहीच पाठवायची. तेच सांगायला आले." त्यांनी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. चपला घालताना त्यांनी टीव्हीच्या खोलीकडे बघितलं नाही.

पुढचे पाच-सहा आठवडे वाईट गेले. आम्ही इराला शाळेतल्याच आफ्टर-केअरला घातलं. ती रोज विचारायची, "डिड आय डू द पूजा राँग?" आणि रोज आम्ही नाही म्हणायचो, आणि तिला ते पटायचं नाही. शनिवारी दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेथी असायची. वसंतराव ठेवून जायचे, बेल न वाजवता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. ताईंनी एकदाही विनवलं नाही. मला तो त्यांचा ताठा वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मुग्धा म्हणाली, "ताठा नाही. त्या वाट बघताहेत, मी तपासायला येते का याची."

मधल्या काळात काय घडलं ते ग्रॅहमकडून कळलं. ग्रॅहम त्यांच्या नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी. बारा महिने शॉर्ट्स घालणारा, उंच, आयुष्यभर बंदुका उडवून एका कानाने बहिरा झालेला माणूस. ताईंनी तोच कागद इंग्रजीत करून क्लबात सगळ्यांसमोर वाचला. ग्रॅहम म्हणाला, "नो हार्म डन, सूमन. स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या भाषेत, सगळं झकास. त्यावर त्यांनी त्याला असं काही झापलं की तो म्हणतो, मला तेवढं दोन्ही कानांनी ऐकू आलं. मग त्यांनी परवान्याच्या ऑफिसला स्वतःहून फोन केला. परवाना जाईल, असं ग्रॅहमने बजावलं होतं. "गेला तर गेला," त्या म्हणाल्या. कोणीतरी येऊन सगळं तपासून, चार शब्द ऐकवून गेलं. परवाना राहिला. कागद वाचला त्या रात्री घरी जाऊन क्लबातल्या निम्म्या लोकांनी आपापल्या चाव्यांच्या जागा बदलल्या, हेही ग्रॅहमनेच सांगितलं. त्याची स्वतःची कॉफीच्या डब्यात होती.

मुग्धा गेली तपासायला. मी सोबत होतो, पण माझं तिथे काही काम नव्हतं. ताईंनी तिला चहा विचारला नाही, आधी मागच्या खोलीत नेलं. भिंतीला आतून बोल्ट मारून बसवलेलं पोलादी कपाट. ते उघडून रायफल दाखवली, रिकामी आहे हे दाखवलं, मागचा खटक्याचा भाग, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही, तो काढून दुसऱ्या खोलीत काडतुसांच्या पेटीत ठेवलेला दाखवला. त्या पेटीला आता आकड्यांचं कुलूप होतं. आकडा फक्त ताईंच्या डोक्यात, कोणाच्याही जन्मतारखेशी संबंध नसलेला. आणि कपाटाची चावी त्यांच्या अंगावर, कुर्त्याच्या आत, मोठ्या सेफ्टी पिनेला.

"वॉर्डात कडक औषधांच्या कपाटाची चावी अशीच असायची," त्या म्हणाल्या. "चावी माणसावर असते, जागेवर नसते. जागा पोरांना सापडते. तीस वर्षं हे मी नवीन पोरींना शिकवलं आणि स्वतःच्या घरात देवावर भार टाकून मोकळी झाले."

मुग्धाने विचारलं, "पण ताई, इराला तुम्ही शिकवलं होतंत ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"ते शिकवायचंच. पण त्याच्यावर विसंबायचं नाही. पोर ते पोर. तुझी आई विळी उभी ठेवायची का गं?"

"छे! चिरून झालं की लगेच आडवी पाडायची. आजीसुद्धा."

"तुला सांगितलं होतं ना, विळीला हात लावू नकोस?"

"हो."

"तरी पाडायची ना?"

मुग्धा हसली. मग ताईंनी चहा ठेवला. चहा पिताना त्यांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. "इरा ज्या ज्या घरी खेळायला जाईल, तिथे आधी विचारायचं. तुमच्याकडे बंदूक आहे का, असली तर कुलपात असते ना. माझ्याकडे यायच्या आधीही तू विचारायला हवं होतंस. त्यांना काय वाटेल, म्हणून आपण गप्प बसतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असती तर नसतं का विचारलं?" मुग्धा भिडस्त. पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या आईला, शेतावर राहणाऱ्या बाईला तिने फोन केला तेव्हा आधी हवापाण्याबद्दल दहा मिनिटं बोलली. मग प्रश्न एका दमात विचारून टाकला. पलीकडून ती बाई म्हणाली, "गुड ऑन यू फॉर आस्किंग," आणि कपाट कुठे, चावी कोणाकडे, सगळं सांगितलं. तेव्हापासून मुग्धा विचारतेच. मी अजून थोडा खाकरतो.

तपासून आल्यानंतरच्या सोमवारी इरा परत ताईंकडे गेली. पायरीवर जँडल्स काढले आणि सरळ देव्हाऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. ताई तिच्याजवळ खाली बसल्या. "तू पूजा बरोबर केली होतीस. चूक आजीची होती." हे त्या इंग्रजीत म्हणाल्या. त्या तिच्याशी इंग्रजीत बोलल्याचं तेवढं एकदाच मला माहीत आहे.

दसऱ्याला घोरपड्यांकडे शस्त्रपूजा असायची. मंडळातली माणसं यायची, कारण बंदूक असलेलं मराठी घर आसपास दुसरं नव्हतं. एका वर्षी माझा मावसभाऊ ऑकलंडहून, बॉटनी डाउन्सहून आला होता. त्याला वाटलं, आज रायफल पाटावर मांडलेली बघायला मिळणार. फेटा बांधून आला होता. ताईंनी सगळ्यांना मागच्या खोलीत नेलं. बंद कपाटाच्या दारावर हळदकुंकवाची बोटं ओढली, कोवाईच्या पिवळ्या फुलांची माळ मुठीला अडकवली, आरती केली.

"उघडणार नाही का?" भावाने विचारलं.

"नाही. पोरं आहेत घरात."

"पण मग पूजा शस्त्राला कशी पोचणार?"

"देवाला आतलं दिसतं. तुम्हाला दिसायची गरज नाही."

त्याने फोन पुढे केला. "निदान हातात घेऊन एक फोटो तरी, काकू. गावी पाठवतो."

"कपाटाशेजारी उभे राहा, मी काढते," ताई म्हणाल्या, आणि काढला. फेटा, मिशा आणि मागे कुंकू लावलेलं पोलादी दार. तो फोटो त्याने अजून कोणाला पाठवलेला नाही.

इरा सोळा वर्षांची होईपर्यंत हे असंच चालू राहिलं. तिला आता कोणी सांभाळायची गरज नव्हती, तरी ती बसने जायची. ताई थकल्या होत्या. चढ चढताना थांबायच्या, आणि छातीकडे हात गेला की आम्हाला वाटायचं, चावी बघताहेत. या वेळी चावी नव्हती. वेलिंग्टनच्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या आणि लगेच बायपास ठरली. इतक्या तातडीने की ताईंना घरी परत जाता आलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही तिघं आणि वसंतराव तिथे होतो. नर्सने दागिने काढायला सांगितले. ताईंनी मंगळसूत्र काढून वसंतरावांच्या ओंजळीत ठेवलं, बांगड्या मुग्धाला दिल्या. मग गाऊनच्या आत हात घातला आणि पिनेसकट चावी मुठीत धरून बसल्या.

"द्या, मी ठेवतो," मी म्हणालो.

"तुझ्याकडे परवाना आहे?"

"ताई, एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तेव्हाही एकाच दिवसाचा होता."

वसंतरावांनी हातही पुढे केला नाही. त्यांना उत्तर माहीत होतं. ताईंनी ग्रॅहमला फोन लावायला सांगितलं. तो निघाला होता, पण हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या. थिएटरमधून एकदा बोलावणं आलं, दुसऱ्यांदा आलं. नर्स तरुण होती, केरळची. ती काकुळतीला येऊन म्हणाली, "आंटी, प्लीज." ताई तिला म्हणाल्या, "तुझ्या वॉर्डातली औषधांची चावी तू कोणालाही देशील का?" त्या पोरीने आत जाऊन काय सांगितलं कोणास ठाऊक, पण दहा मिनिटं मिळाली.

ग्रॅहम आला, शॉर्ट्स आणि जँडल्सवर, धापा टाकत. ताईंनी वॉर्डात पाळी बदलताना देतात तसं सगळं त्याच्या ताब्यात दिलं. रायफल एक. खटक्याचा भाग एक, कुठे ते सांगितलं. काडतुसं किती तेही सांगितलं, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. पेटीचा आकडा कानात सांगायची सोय नव्हती, कारण त्याचा एक कान बहिरा आणि दुसऱ्याला कुजबुज ऐकू येत नसे. तेव्हा नर्सकडून पेन घेऊन त्यांनी तो त्याच्या तळहातावर लिहिला, त्याला मनातल्या मनात तीनदा वाचायला लावला आणि भिंतीवरचं सॅनिटायझर लावून स्वतःच्या हाताने पुसून टाकला. "आज दुपारीच सगळं तुझ्या कपाटात ने," त्या म्हणाल्या. "इरा घरी यांच्या सोबतीला राहणार आहे." तेव्हा मला कळलं की त्या कोणासाठी अडून बसल्या होत्या. मला फार शरम वाटली.

ट्रॉली निघाली. इरा शेजारून चालत होती. दाराशी तिला थांबवलं, तेव्हा ती म्हणाली, "आजी, मी येते दुपारी." मराठीत म्हणाली. ताईंनी ऐकलं की नाही कळलं नाही, कारण त्यांचा उजवा हात सवयीने डाव्या खांद्याखाली गेला होता आणि तिथे काही सापडत नव्हतं. चेहरा घाबरला. डोकं वर करून त्या आमच्यात कोणालातरी शोधू लागल्या.

ग्रॅहमच्या ते आमच्या आधी लक्षात आलं. त्याने शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि आतली बाजू उलटून त्यांना दाखवली. चावी तिथे होती, ताईंच्याच पिनेने टोचलेली. ताई हसल्या, हात खाली घेतला आणि डोकं उशीवर टेकलं. मग दार बंद झालं. त्यानंतर त्या आम्हाला जाग्या दिसल्या नाहीत.